विनामूल्य मैफलीची किंमत

नवा रायपूरला बदली झाली आणि पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव दुरावला. मात्र गणेश चतुर्थीपासून रायगढला (आपला शिवरायांचा रायगड नव्हे) चक्रधर समारोह भरतो. १९४७ साली निवर्तलेले राजा चक्रधर सिंह स्वतः तबलावादक होते. कथकाचे रायगढ घराणे त्यांच्याच आश्रयाने उभे राहिले. मैदानात प्रवेश विनामूल्य. खर्च काय तो प्रवासाचा व मुक्कामाचा. मुलांच्या शिक्षणापायी दोन घरे चालविणाऱ्यास तोही जड.

त्याच सुमारास रायगढचे एक तपासणीचे काम प्रलंबित होते. दौऱ्याच्या प्रस्तावाचा मसुदा मी लिहिलाही. तारखा नियमात बसत होत्या. हेतू बसत नव्हता. मसुदा फाडला, रजेचा अर्ज दिला आणि शयनयानाचे तिकीट काढले. शिदोरीला थालीपीठ घेतले. मुक्कामाऐवजी परतीच्या गाडीपर्यंतची रात्र फलाटावर काढली.

कलावंतांचे मानधन, मांडव, दिवे यांचे मोल करदात्याने आधीच भरलेले असते. माझा प्रवासभत्ताही त्याच्याच माथी मारणे म्हणजे एकाच मैफलीचे मोल त्याच्याकडून दोनदा घेणे. वाचकहो, त्या रात्री मागच्या रांगेतून ऐकलेला पखवाज मी निर्धास्त मनाने ऐकला.