सर, मॅडम आणि शांताबाई

जुलै 2020. लॉकडाऊनमुळे मी लातूरच्या घरूनच काम करत होतो. सगळ्या ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरत होता: पुण्याच्या रस्त्यावर लाठी फिरवणाऱ्या 85 वर्षांच्या शांताबाई पवार. आमच्या लातूरच्या रितेश देशमुखनंही तो शेअर केला. 'वॉरियर आजी' हे नाव पडलं.

डोंबारी घरातल्या शांताबाई आठव्या वर्षापासून हा खेळ करत आल्या. नातवंडांच्या पोटासाठी भर कोरोनात बाहेर पडल्या होत्या. पुढच्याच महिन्यात सोनू सूदच्या मदतीनं त्यांचा वर्ग सुरू झाला. आजी मुलांना लाठी शिकवू लागल्या.

माझं घोडं इथंच अडतं. नांदेडला होला मोहल्ल्यात गतका खेळतात, ती परंपरा. हॉलमध्ये फी घेऊन शिकवलं की सेल्फ डिफेन्स. शांताबाईंनी रस्त्यावर केलं, की डोंबाऱ्याचा खेळ आणि ताटात चिल्लर.

लातूर तर ट्यूशनचं गाव. शिकवणाऱ्याला सर, मॅडम म्हणायला इथं कुणाला सांगावं लागत नाही. पण बाजारात दोरीवर चालणारी पोरगी पुढं काय शिकवू शकेल, हे तिला कोण विचारतं?

शांताबाईंना विचारायला 77 वर्षं लागली. तेही व्हिडिओ फिरला म्हणून.