भार किती आणि कोठे

वऱ्हाडातील व्यापारी घरांत देवघराच्या खालोखाल मान असतो तो काट्याला. अडतीच्या दुकानातील काटा असो की बाजार समितीजवळचा धर्मकाटा, त्याने सांगितलेला आकडा हा शेवटचा शब्द मानला जातो. मात्र काटा सांगतो ते किती भरले एवढेच. ते ओझे कोणाच्या खांद्यावर पडले, हे तो सांगत नाही. अकोल्यातील एका निवृत्त धान्यव्यापाऱ्यांना हा धडा दोनदा मिळाला. पहिल्यांदा वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आणि दुसऱ्यांदा पंचाहत्तरीत, तोही अमेरिकेत.

धाकटा मुलगा टेक्सासमधील डल्लास येथे स्थायिक झालेला. त्याने गेल्या वर्षी गाडीमागे जोडून ओढण्याचा एक ट्रेलर घेतला. झोपण्याची सोय, पाण्याची टाकी आणि छोटे स्वयंपाकघर असलेले हे चाकांवरचे घर. आईवडिलांना कोलोरॅडोचे डोंगर दाखवावेत, परंतु प्रवासात शुद्ध आहाराची अडचण होऊ नये आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन चुकू नये, हा त्यामागील हेतू. शेठजींच्या पत्नींनी मोठ्या उत्साहाने तयारी केली. चाळलेली पिठे, डाळी, पितळी भांडी आणि पाण्याचे वीस-वीस लिटरचे पाच कॅन. स्वयंपाकघर ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला असल्याने सर्व सामान तेथेच रचले गेले. एकट्या पाण्याचेच वजन 100 किलो झाले.

मुलाने ट्रेलरसोबत भार वाटून देणारी जोडणीही घेतली होती. तिकडे तिला 'वेट डिस्ट्रिब्युशन हिच' म्हणतात. तिचे तत्त्व तराजूच्या दांडीवरून समजते. ट्रेलरची पुढची दांडी गाडीच्या मागच्या टोकावर टेकते. त्या भाराने गाडीची मागची बाजू दबते, आणि मागच्या चाकांचा आस जणू तराजूचा मध्य होऊन पुढची बाजू उचलली जाते. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू आणि ब्रेक दोन्हींची पकड घटते. या जोडणीत पोलादी स्प्रिंगच्या दोन कांबी असतात. त्या ताणून बांधल्या की मागच्या आसावरील भाराचा काही अंश पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या आसांवर जातो. एकूण वजन तेवढेच राहते. ते केवळ सर्व चाकांत वाटले जाते.

निघण्यापूर्वी मुलाने महामार्गावर एक फेरी मारून पाहिली. शेठजी शेजारी बसले होते. एक अवजड ट्रक वेगाने पुढे गेला, त्याच्या वाऱ्याच्या झोतासरशी ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागला आणि गाडीची मागची बाजूही ओढली जाऊ लागली. मुलाने वेग हळूहळू उतरवला, तेव्हा कोठे तो शांत झाला. गाडी कडेला घेऊन मुलगा म्हणाला, "बाबा, कांबी आणखी ताणायला हव्यात."

शेठजी काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "मागे काय काय भरले आहे?"

तेथून ते ट्रकच्या थांब्यावरील काट्यावर गेले. हा काटा आपल्याकडील धर्मकाट्याहून वेगळा. त्याचे पट्टे स्वतंत्र असतात. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांचे वजन तो वेगवेगळे दाखवतो. प्रथम गाडी एकटीच तोलली, मग ट्रेलर जोडून परंतु कांबी न ताणता. गाडीच्या दोन आसांवर मिळून जेवढी वाढ झाली, तेवढा ट्रेलरच्या दांडीचा भार. तो निघाला 180 किलो. भरलेला ट्रेलर होता 2,700 किलोंचा. अशा ट्रेलरच्या दांडीवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार असावा लागतो. येथे तो 7 टक्केही नव्हता. मागचे टोक जड आणि दांडी हलकी, म्हणून ट्रेलर झोके घेत होता. अशा वेळी कांबी अधिक ताणणे म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवरचा उरलासुरला भार काढून घेणे. त्याने धोका वाढलाच असता.

"म्हणजे बंडी उलार झाली," शेठजी हलकेच म्हणाले. मुलाला हा शब्द कळला नाही. तेव्हा छप्पन वर्षांत घरात कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी त्याला सांगितली.

1969 चा हंगाम. पूर्णाकाठच्या एका गावाहून तुरीची पोती बंडीने अकोल्याला आणायची होती. वडील पेढीवर, आणि माल भरून घेण्याचे काम प्रथमच यांच्याकडे आलेले. पोती रचून झाल्यावर दोन उरली. त्यांच्यासाठी दुसरी बंडी कोण करणार, म्हणून त्यांनी ती मागच्या बाजूला चढवायला सांगितली. गाडीवान म्हणाला, "छोटे शेठ, मांगं जड होईन. चढावर बंडी उलार होते." छोट्या शेठनी दोन पोत्यांचा हिशेब केला, चढाचा केला नाही. नाल्याच्या चढणीवर बंडीची मागची बाजू खाली गेली, जू वर उचलले गेले आणि बैलांच्या गळ्यातील जोती आवळली. गाडीवानाने एक जोते कोयत्याने कापले. दुसऱ्यापर्यंत त्याचा हात पोचेपर्यंत तो बैल गेला होता.

वडिलांनी गाडीवानाला नवा बैल घेऊन दिला. मुलावर ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला आणि संध्याकाळी श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्याच्याकडून म्हणवून घेतले : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. चौथ्या शब्दाशी ते थांबले, एवढेच. पुढे एकदा जुंपणीच्या जनावरांसाठी 1965 साली झालेले केंद्रीय नियम शेठजींच्या वाचनात आले. दिवसाकाठी 9 तासांहून अधिक वा सलग 5 तासांहून अधिक काम घेऊ नये, तापमान 37 अंशांवर असेल तर दुपारी 12 ते 3 या वेळात जनावर जुंपू नये. जे कायद्याने तेव्हा लिहिले, ते तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात शतकानुशतके आधी एका शब्दात आले होते.

मुलगा निमूटपणे ऐकत होता. घरी परतल्यावर दोघांनी ट्रेलर रिकामा केला. आधी ओझे कमी केले. पाणी वाटेतही मिळणार होते. चार कॅन आणि पितळी भांडी घरीच राहिली. पत्नींनी स्वतःच आणखी दोन पेट्या बाजूला काढल्या. जड वस्तू ट्रेलरच्या आसांच्या थोड्या पुढे, जमिनीलगत ठेवल्या. वजन 2,550 किलोंवर आले आणि दांडीचा भार 320 किलो झाला, म्हणजे साडेबारा टक्के.

त्यानंतर जोडणीची पाळी आली. सपाट जागेवर एकटी गाडी उभी करून पुढच्या चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची मोजली : 90 सेंटीमीटर. ट्रेलर जोडला तेव्हा ती 93 झाली. कांबी एकेक कडी ताणत ती 91 वर आणली. ती मूळ उंचीच्या किती जवळ यावी, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पण तिच्याहूनही खाली गेली तर मागची चाके हलकी पडतात. शेवटी ट्रेलर जमिनीला समांतर आहे, याची खात्री केली आणि पुन्हा काट्यावर जाऊन आले. कोणत्याही आसावरील वजन मर्यादेबाहेर नव्हते. ही खात्री आवश्यकच, कारण जोडणी भार वाटते. मर्यादा वाढवत नाही. कोलोरॅडोच्या चढावर ट्रक शेजारून गेले, तेव्हा ट्रेलर किंचित थरारला आणि सरळ चालत राहिला.

शेठजी आता अकोल्याला परतले आहेत. बंड्या जवळपास गेल्या. त्यांची जागा ट्रॅक्टर-ट्रॉलींनी घेतली. अमरावती-अकोला महामार्गावर 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटरची मार्गिका 105 तास 33 मिनिटांत सलग डांबरीकरण करून जागतिक विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला; परंतु दोन चाकांची ट्रॉली मागे जड झाली तर आजही ट्रॅक्टरचे मागचे टोक उचलू पाहते, आणि पुढे फार जड झाली तर ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडतात.

पेढी आता थोरला मुलगा पाहतो. खरेदी, उधारी, वसुली, घरातील आजारपणे, सारे त्याच्या एकट्याच्या माथी. परतल्यावर आठवड्याभरात शेठजींनी वसुलीची वही त्याच्याकडून मागून घेतली, आणि बँकेची कामे सुनेने पाहावीत असे सर्वांसमक्ष ठरवले. मुलगा म्हणाला, "बाबा, मला जड नाही होत." शेठजींनी वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

आजही गोदामात ट्रॉली भरली की मुनीम पोत्यांची संख्या सांगतो. शेठजी ती लिहून घेतात. आणि मग उठून, काठी टेकत, पोती कोठे ठेवली आहेत ते पाहून येतात.