हर्नियाचं ऑपरेशन

मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी मला हॉस्पिटलमधून घरी सोडलं. आदल्या दिवशी सकाळी प्रोस्टेट ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती. एक रात्र ठेवून घेतलं, सकाळी कॉरिडॉरमध्ये चार फेऱ्या मारायला लावल्या, आणि नर्सने सूचनांचे कागद, एक छोटी उशी आणि मांडीला बांधायची एक प्लास्टिकची पिशवी देऊन निरोप दिला. उशी कशाला, हे आमची गाडी पार्किंगमधल्या पहिल्या उंचवट्यावरून गेली तेव्हा कळलं. ती पोटाशी घट्ट धरून बसलो म्हणून घरापर्यंत पोचलो.

या विषयावर आपल्या दिवाळी अंकात लिहावं की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. सौ.चं म्हणणं, "अहो, शेजारच्या पानावर कुणाची तरी अनारशांची पाककृती असेल!" असू दे. का लिहितोय ते पुढे येईलच.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. माझा पीएसए, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा आकडा, दोन वर्षांत ४.६ वरून ८.२ वर गेला. एमआरआय झाला, बारा सुयांची बायॉप्सी झाली, आणि ग्लीसन स्कोअर आला ४ + ३ = ७. म्हणजे नुसतं लक्ष ठेवून बसण्यासारखा नाही, पण वेळेवर सापडलेला. रेडिएशन की शस्त्रक्रिया यावर महिनाभर विचार करून शस्त्रक्रिया निवडली. ती रोबोटच्या साहाय्याने झाली. हे ऐकून नातवाला आजोबांचा फार अभिमान वाटला. रोबोट स्वतःच्या मनाने काहीच करत नाही, सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतात, हे सांगून मी त्याचा विरस केला नाही.

पोटावर सहा छोटी भोकं होती. त्यांचा त्रास फारसा झाला नाही. त्रास झाला तो खांद्याचा! ऑपरेशनच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. त्यातला उरलेला वायू श्वासपटलाला टोचतो, आणि तिथली नस मानेतून येत असल्यामुळे मेंदूला वाटतं की खांदाच दुखतोय. उपाय एकच, चालणं. म्हणून मी स्वयंपाकघर ते बैठकीची खोली अशा दर तासाला फेऱ्या घालायला लागलो. चालण्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही कमी होतो.

पँटचा पट्टा पोटाला लागायचा, म्हणून अडगळीतल्या सूटकेसमधून जुनी लुंगी निघाली. पुण्याहून कधीतरी आणलेली, वीस वर्षं न नेसलेली. कॅथेटर असलेल्या माणसासाठी याहून सोयीचं वस्त्र जगात नसेल. रात्रीची मोठी पिशवी उघडी दिसू नये म्हणून सौ.ने ती बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात मिळालेल्या कापडी पिशवीत ठेवली. लुंगी नेसून, हातात अधिवेशनाची पिशवी घेऊन मी घरभर फिरत होतो. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, प्रोफेसर भाजी आणायला निघालेत.

शनिवारी रात्री अडीचच्या सुमारास जाग आली ती पोटात भयंकर कळ येऊन. मूत्राशय फुटेल असं वाटत होतं आणि पिशवीत तासाभरात थेंबही आला नव्हता. रक्ताची गुठळी अडकली असणार, आता इमर्जन्सीत जावं लागणार, या विचाराने मला घाम फुटला. सौ.ने दिवा लावला, चष्मा लावला आणि पांघरूण बाजूला केलं. नळी माझ्या मांडीखाली दबली होती, आणि पुढे तिचा एक भला मोठा झोळ पलंगाच्या कडेला लोंबत होता. तिने नळी सोडवली, झोळ काढून ती सरळ उताराला लावली. अर्ध्या मिनिटात सगळं सुरळीत झालं.

मी चौतीस वर्षं विद्यापीठात हायड्रॉलिक्स शिकवलं. पाइपलाइनच्या झोळात पाणी साठलं आणि पुढे हवा अडकली की प्रवाह कसा थांबतो, याचं गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवत असे. सौ. काहीच बोलली नाही. फक्त दिवा मालवताना म्हणाली, "पिशवी नेहमी खाली ठेवायची, नळीला झोळ द्यायचा नाही. नर्सने सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा तिला सायफन समजावून सांगत होता."

तोवर मुलगा आला होता. तो दुसऱ्या राज्यात राहतो, आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे. आठवडाभर आमच्याकडूनच काम करणार होता. रविवारी सकाळी मी बाथरूमकडे निघालो तर म्हणाला, "बाबा, बसा. मी रिकामी करतो." मी नको नको म्हणालो. त्याने ऐकलं नाही. हातमोजे घातले, पिशवीची तोटी उघडली, मापाच्या भांड्यात ओतून आकडा कागदावर लिहिला, हात धुतले आणि पुन्हा लॅपटॉपसमोर जाऊन बसला. या सगळ्याला दोन मिनिटं लागली असतील. मी मात्र बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो होतो.

एव्हाना ओळखीच्यांचे फोन सुरू झाले होते. मंडळाच्या कार्यक्रमाला दिसलो नाही म्हणून विचारपूस होत होती. काय सांगायचं हे मी सौ.ला आधीच पढवून ठेवलं होतं. ती सगळ्यांना सांगत होती, "काही नाही हो, हर्नियाचं छोटंसं ऑपरेशन झालं."

त्याच दिवशी पुण्याहून दादाचा फोन आला. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याला मी खरं सांगितलं होतं. सौ. दुसऱ्या फोनवर कुणाला तरी हर्निया सांगत होती ते त्याला ऐकू गेलं असावं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलंय. बाबांचाही हर्निया नव्हता."

आमचे वडील १९८८ साली गेले. मी १९७६ साली इकडे आलेला, नोकरीत नुकता कायम झालेला, मुलगा लहान. त्याच्या आदल्या वर्षी दादाचा एरोग्राम आला होता. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, काळजीचं कारण नाही. पुढच्या पत्रांत कंबरदुखी होती, संधिवात होता, वय झालं होतं. मग तार आली. मी पोचलो ते तिसऱ्या दिवशी.

"प्रोस्टेटचाच होता," दादा म्हणाला. "कळला तेव्हा हाडांत गेला होता. ऑपरेशन झालं ते वृषणं काढण्याचं. बाबांनी मला आणि आईला शपथ घातली. म्हणाले, तो नोकरी टाकून धावत येईल. आणि असलं काही लिहायचं तरी कसं पोराला?"

त्या काळी तोच उपचार होता. पुरुषी हार्मोन बंद केला की हा कॅन्सर मागे हटतो, हे शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिलं होतं. त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि फोनवर मीही ते सांगितलं नाही. मी एवढंच विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का?"

"शेवटचे दोन महिने नळी होती. पिशवी मीच रिकामी करायचो. लाजायचे फार. भिंतीकडे तोंड करून पडायचे."

फोन ठेवल्यावर मी ती नऊ पानी माहितीची प्रत काढली. पहिल्या भेटीत डॉक्टरांच्या ऑफिसात भरलेली. 'कुटुंबात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर?' या प्रश्नापुढे माझ्याच हस्ताक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं. दरवर्षी, प्रत्येक नव्या डॉक्टरकडे, मी तेच लिहीत आलो होतो. वडिलांना किंवा भावाला हा आजार असेल तर आपला धोका दुपटीहून अधिक होतो. हे माझ्या डॉक्टरांना माहीत असतं तर त्यांनी मधली चार वर्षं मी तपासणी टाळली ती टाळू दिली नसती.

वडिलांवर रागावायचं म्हटलं तर रागावता येत नाही. त्यांनी मला वाचवायचं म्हणूनच ते केलं. दादावर तर मुळीच नाही. पण पलीकडच्या खोलीत माझा मुलगा बसला होता, आणि मी त्याच्याच आईला 'हर्निया' सांगायला शिकवलं होतं.

संध्याकाळी त्याला बोलावलं आणि आजोबांचं सगळं सांगितलं. त्याने त्यांना कधी नीट पाहिलेलंही नाही. एका भारतभेटीत त्यांच्या मांडीवर बसलेला त्याचा फोटो आहे, तेवढंच. तो म्हणाला, "म्हणजे आता माझ्या फॉर्मवर दोन नावं." मी म्हणालो, "हो." मग त्याने विचारलं, "आणि तुम्हाला हे आज कळलं?" मी पुन्हा "हो" म्हणालो. तो माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसला. पोटावर टाके होते म्हणून त्याने मला मिठी मारली नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. तो नेमका दुखरा खांदा होता, पण मी काही बोललो नाही.

पुढचे दिवस बरे गेले. औषधांनी पोट जड होतं आणि जोर लावायची तर सक्त मनाई, म्हणून भिजवलेले मनुके, इसबगोल, मऊ भात, मुगाचं वरण आणि ताक. चौथ्या दिवशी शौचाला झाली तेव्हा घरात लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. जास्त चाललो की पिशवीतला रंग गुलाबी व्हायचा. घाबरायचं नाही, पाणी प्यायचं आणि बसायचं. दहा पौंडांपेक्षा जड काही उचलायचं नाही. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर भार देऊन उठायचं.

नवव्या दिवशी कॅथेटर निघाला. त्यानंतर काय होतं ते कुणी आधी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून लिहितो. नळी निघाली की नळ गळतो. खोकलं, हसलं, खुर्चीतून उठलं की गळतो. पॅड लावावे लागतात. मला पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच लागत, तीन महिन्यांनी एक. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम करायचा असतो. अमेरिकन डॉक्टर अर्नॉल्ड केगल यांनी तो १९४८ साली बाळंतपण झालेल्या स्त्रियांसाठी मांडला. फिजिओथेरपिस्टने तो समजावून सांगितल्यावर सौ. म्हणाली, "ही तर आपली अश्विनी मुद्रा." बरीचशी तीच आहे. मात्र नळी असेपर्यंत हा व्यायाम करायचा नसतो. दुसरा प्रश्न वैवाहिक सुखाचा. ज्या नसांवर ते अवलंबून असतं त्या या ग्रंथीला अगदी चिकटून जातात. त्या वाचवण्याची पद्धत जॉन्स हॉपकिन्सच्या पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली प्रथम वापरली. तरी पूर्ववत होण्याची खात्री कुणी देत नाही, आणि वेळ महिन्यांत मोजावा लागतो. याबद्दल आधी पत्नीशी बोला आणि डॉक्टरांना दोघं मिळून विचारा. आम्ही विचारलं. डॉक्टर अजिबात लाजले नाहीत. आम्हीच लाजलो.

काढलेल्या ग्रंथीच्या कडा स्वच्छ असल्याचा अहवाल आला. सहा आठवड्यांनी पीएसए मोजता येणार नाही इतका कमी निघाला. दर काही महिन्यांनी तो तपासत राहायचं आहे.

त्या रविवारनंतर मी सौ.ला सांगितलं की आता विचारेल त्याला खरं सांग. पुढच्या दोन आठवड्यांत मंडळातल्या तिघांचे फोन आले. हळू आवाजात. तिघांचंही तेच ऑपरेशन किंवा तेच रेडिएशन झालेलं. त्यातले एक गृहस्थ माझ्याबरोबर वीस वर्षं दर शुक्रवारी पत्ते खेळतात. सहा वर्षांपूर्वी ते महिनाभर आले नव्हते, तेव्हा त्यांच्या घरून आम्हाला काय सांगितलं होतं ते वाचकांनी ओळखलं असेलच.

माझ्या पिढीतल्या पुरुषांना एवढीच विनंती, की आपलं आणि आपल्या वडिलांचं जे काही झालं असेल ते मुलांना त्याच्या खऱ्या नावाने सांगा. आणि मुलांनो, बाबा सांगत नसतील तर तुम्ही विचारा. ते विषय बदलतील. तुम्ही पुन्हा विचारा. जवळच्या नात्यात हा आजार असेल तर तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलणं पंचेचाळिशीच्या आसपासच सुरू करावं, असं मला सांगण्यात आलं.

माझ्या मुलाचा वाढदिवस जानेवारीत आहे. पंचेचाळिसावा. त्याने त्याच आठवड्यातली वेळ घेतली आहे.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.