फ्लॅशची फजिती

मला फोटो काढण्याचा नाद आहे. मराठीच्या प्राध्यापकाला हा नाद शोभत नाही, असे आमच्या घरी मत आहे. मुंबईचे गौतम राजाध्यक्ष काही काळ रसायनशास्त्र शिकवीत होते आणि पुढे छायाचित्रकार म्हणून नामवंत झाले, हा दाखला मी अधूनमधून देतो. त्यावर, "त्यांनी निदान त्यातून मिळवले, तुम्ही नुसते घालवता," असे उत्तर येते आणि वाद तिथेच मिटतो.

मोठ्या शहरांत नाइटक्लबच्या काळोखात फॅशन शो होतात, आणि तिथे फोटो काढणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. आमच्या हिंगोलीची रात्र जागते ती दसऱ्याच्या प्रदर्शनात, रामलीला मैदानावर. आणि तिथे दिव्यांचा एवढा लखलखाट असतो की कॅमेऱ्याला तक्रारीला जागाच नसते. तेव्हा ही विद्या शिकण्याची वेळ माझ्यावर येईल असे वाटले नव्हते. ती आणली आमच्या स्नेहसंमेलनाने.

यंदा फॅशन शो करायचा, आणि तोही "क्लबसारखा", असे मुलांनी ठरवले. सभागृहाच्या खिडक्यांना काळे कापड लागले. बाके जोडून, वर सतरंजी ताणून रॅम्प तयार झाला. तांबडे-निळे दिवे भिरभिरू लागले. फोटोंचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

कार्यक्रमापूर्वी एक मुलगी भीतभीत जवळ आली. माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी. हजेरीपलीकडे तिचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. जवळच्या तांड्यावरची. अंगावर आजीचा लग्नातला बंजारा पोशाख: आरशांनी मढवलेली कांचळी, कवड्या नि नाणी लावलेला फेटिया. म्हणाली, "सर, माझा एक फोटो चांगला काढाल ना? आजीला द्यायचा आहे. तिचा स्वतःचा ह्या कपड्यांतला एकही फोटो नाही."

"काळजी करू नकोस," मी ऐटीत म्हणालो, आणि ती रॅम्पवर येताच फ्लॅश उडवला.

भिंगाशेजारून निघालेला उजेड आरशांवर आदळला की थेट भिंगातच परततो, हे त्या क्षणी मला सुचले नाही. फोटोत पांढऱ्या ठिणग्या आल्या, आणि त्यांच्यावर चुना फासल्यासारखा चेहरा, डोळे मिटलेले. पण घडले ते फोटोपेक्षा वाईट होते. डोळे दिपून तिचे पाऊल बाकाच्या कडेवरून सुटले. खालच्या मुलाने हात दिला म्हणून ती पडली नाही. सभागृह हसले. ती हसली नाही.

मी फ्लॅश काढून खिशात घातला. शेवटी सगळ्यांची मिळून एक फेरी व्हायची होती. तेवढीच संधी उरली होती. औंढ्या नागनाथाच्या भुयारातल्या गाभाऱ्यात उतरले की आधी काहीच दिसत नाही. थोडे थांबावे लागते, मग पिंड दिसू लागते. तसा थांबलो. १९२८ साली एरिश सालोमन नावाच्या जर्मन गृहस्थाने टोपीत कॅमेरा लपवून, कुठलाही दिवा न लावता, न्यायालयात फोटो काढले होते. मला तर लपण्याचेही कारण नव्हते! भिंगाचे छिद्र १.८ पर्यंत उघडले, आयएसओ ३२०० वर नेला, शटर सेकंदाच्या १२५ व्या भागावर ठेवले. काळोखात कॅमेऱ्याचा आपोआपचा फोकस चाचपडत बसतो. पण रॅम्पच्या टोकाशी जो तो क्षणभर थांबून वळतो. म्हणून टोकावरच्या सतरंजीच्या काठावर फोकस आधीच बांधून ठेवला आणि वाट पाहिली. तांबड्या दिव्यात चेहऱ्याची रेघ न् रेघ बुडून जाते. तो सरकला, पांढरा झोत आला, ती थांबली, मी बटण दाबले.

फोटो दाणेदार आला, पण आला. मोठा करून घेतला आणि पुढच्या रविवारी तांड्यावर नेऊन दिला. आधी मुलीची माफी मागितली. आजींनी फोटो दारातल्या उजेडात धरला, आणि नातीचा चेहरा पाहायचे सोडून त्या कांचळीवरून बोट फिरवू लागल्या. खांद्यापाशी थांबल्या. तिथला एक आरसा कधीकाळी गळून पडला होता. ती रिकामी जागा फोटोत दिसत होती.

"हा खरा आहे," त्या म्हणाल्या, आणि मग नातीकडे पाहिले.

परतताना बसमध्ये मला माझा वर्ग आठवू लागला. मागच्या बाकावर कोणी गप्प दिसले की, "तू! तू सांग!" असे एकदम बोट रोखण्याची मला सवय आहे. मुलगी गोंधळते, वर्ग हसतो, आणि हिला काही येत नाही असे समजून मी पुढे जातो. इतकी वर्षे मी ह्यालाच शिकवणे म्हणत आलो.

सोमवारी प्रश्न विचारला आणि बोट न रोखता थांबलो. बराच वेळ थांबलो. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मग शेवटच्या बाकावरून उत्तर आले. ते निम्मे चूक होते. मी "बरं, पुढे?" म्हणालो, आणि पुन्हा थांबलो.