भिरंड आणि गार्सिनिया

पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या मंदिराच्या पायऱ्या उतरून आलो की जवळच नगरोद्यान लागते. त्यास गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. गोव्यात जे भिरंड आणि कोकणात जो रातांबा, त्याचे शास्त्रीय नाव 'गार्सिनिया इंडिका'. तेव्हा या बागेत उभे राहिले असता कोणासही वाटावे, ते नाव या वैद्याचेच! शिवाय भिरंडाचे पोर्तुगिजांनी 'ब्रिंदांव' केले, आणि ओर्तानेही १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात त्या फळाची दखल घेतली आहे.

परंतु नावातील अक्षरे नीट पाहावीत. गार्सियाच्या नावात 'न' नाही. तो 'न' लोराँ गार्सिन या फ्रेंच वैद्याचा. त्याने मंगोस्टीन फळाचे वर्णन केले, म्हणून लिनियसने १७५३ साली त्या झाडाच्या कुळास त्याचे नाव दिले. भिरंड त्याच कुळातले. त्यासही ते आपोआप लाभले. आमसुलाचे सार ओरपताना अर्थात हे कोणास आठवत नाही!

ओर्ताच्या वाट्यास निराळेच आले. तो यहुदी वंशाचा होता. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला धर्मन्यायसभेच्या निवाड्यावरून जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या. ही न्यायसभा आमच्याच धर्ममंडळाची. लिहिताना लेखणी जड होते, तरी लिहिलेच पाहिजे. झाडाच्या नावात तो नाही; मंदिराजवळच्या बागेस मात्र त्याचे नाव आहे, याचे आम्हांस समाधान वाटते.