एकाच चिठ्ठीवर चार वेळा

कबड्डीत पकड बसते तेव्हा पाय मॅटवर रोवलेला राहतो आणि अंग वळते. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध अनेकदा याच क्षणी तुटतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस असह्य असतात. तेव्हा भारतात सर्रास लिहून दिली जाणारी गोळी म्हणजे ट्रॅमाडॉल. मॉर्फिन मेंदूतल्या ज्या ग्राहींवर काम करते, त्यांच्यावरच तीही काम करते. दुखणे दबते, झोप लागते, काहींना सुखदही वाटते. पुढे तेवढाच आराम मिळायला जास्त गोळ्या लागतात.

२०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले. १ जानेवारी २०२४ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे 'वाडा'ने, स्पर्धाकाळात त्यावर बंदी घातली. औषध नियमांनुसार ते 'एच-१' अनुसूचीत आहे: पाकिटावर लाल चौकटीतला इशारा असतो, आणि डॉक्टर, रुग्ण व गोळ्यांची संख्या नोंदवून ती वही दुकानदाराने तीन वर्षे जपायची असते. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे आणि चिठ्ठीवर दुकानाचे नाव व तारीख टाकायची, असाही नियम आहे.

अशाच शस्त्रक्रियेनंतर प्रस्तुत लेखिकेच्या १७ वर्षांच्या मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर पाच दिवसांच्या गोळ्या होत्या. त्या कार्डावर औषध चार वेळा मिळाले. पहिल्यांदा वडील गेले, दुसऱ्यांदा संघातला मित्र. चौथ्यांदा मुलगा स्वतः कुबड्या घेऊन गेला, आणि अल्पवयीन मुलाला औषध दुकानाने पूर्ण स्ट्रिप दिली. कार्डावर एकही शिक्का पडला नाही, एकही तारीख लिहिली गेली नाही. लाल चौकट होती. ती कोणीच वाचली नाही. गोळ्या संपल्यावर मुलाला दरदरून घाम फुटला, पाय थरथरू लागले, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. घरच्यांना वाटले, जखमेत पू झाला. डॉक्टरांनी गोळ्या मोजायला सांगितल्या तेव्हा हा गोळी अचानक थांबल्याचा त्रास असल्याचा उलगडा झाला, आणि मात्रा हळूहळू कमी करत औषध सुटायला तीन आठवडे गेले.

दोष दुकानाचा आहे, असे लेखिकेचे ठाम मत होते आणि आजही बऱ्याच अंशी आहे. पण तिसरी स्ट्रिप तिनेच आणली होती. मुलगा उशीत तोंड खुपसून रडत होता. ते पाहून कोणती आई नियम विचारत बसली असती? वेदना सोसायलाच हवी, हा मैदानावरचा जुना हट्टही तितकाच घातक आहे. दुखणाऱ्या गुडघ्याचा व्यायाम होत नाही आणि सांधा आखडतो.

सवय लागू नये म्हणून गोळी टाळायची नसते, मोजायची असते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१६ मध्ये अल्पकालीन तीव्र वेदनेसाठी तीन दिवसांच्या अशा गोळ्या बहुतेकदा पुरतात, सात दिवसांहून जास्त क्वचितच लागतात, असे सुचवले होते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मुदत डॉक्टर ठरवतात; ती आकड्यात आणि अक्षरांत लिहून घ्यावी. बर्फ, पाय उंच ठेवणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटॅमॉल ठरल्या वेळी दिले की ट्रॅमाडॉलची गरज कमी होते. पाकीट मोठ्यांच्या ताब्यात असावे. दुखत असताना नव्हे, तर झोपेसाठी किंवा सरावाआधी गोळी मागितली गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. उरलेल्या गोळ्या संघातल्या दुसऱ्या जखमी मुलाच्या हाती जाता कामा नयेत. मित्राने आणलेल्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या अशाच गेल्या होत्या.