हळ्ळीखेडहून कॉलेजला जाताना

हळ्ळीखेडच्या पाटीवर कंसात लिहिलेला ‘बी’ म्हणजे बुजुर्ग, आपलं बुद्रुक. बीदर-हुमनाबाद रस्त्यावरचं हे गाव बाहेरच्यांना सहकारी साखर कारखान्यामुळे माहीत असतं. मी इथलाच. बी.ई. करून आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुट्टीत गावी गेलो की पीयूसी झालेली धाकटी भावंडं एकच विचारतात, "दादा, अप-डाऊन करू की रूम घेऊ?"

बीदरचं गुरुनानक देव आणि भालकीचं भीमण्णा खंड्रे, ही दोन्ही इंजिनिअरिंग कॉलेजं रोज जाऊन-येऊन करण्याच्या टप्प्यात आहेत. कलबुर्गीचं पी.डी.ए. १९५८ सालचं, जुनं आणि नावाजलेलं. २०१७ पासून बीदर-कलबुर्गी रेल्वे हुमनाबादवरून धावते, तरी तिथे रोज जाणं जमण्यासारखं नाही. तिथे राहावंच लागतं.

आधी वर्गाचं सांगतो. इंजिनिअरिंगचा सेक्शन साधारण ६० मुलांचा असतो. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेलं मूल इंग्रजी लेक्चरला मागच्या बाकावर बसतं आणि ६० जणांसमोर शंका विचारत नाही. लॅबमध्ये मात्र लहान लहान बॅच असतात. तिथे सर टेबलापाशी येतात, नावानं ओळखायला लागतात. अडलेलं तिथेच विचारा, हवं तर मोडक्या इंग्रजीत. आणि उरलेलं जे काही कळायचं ते रात्री कळतं, रूमवर, शेजारच्या पोरानं वहीत काढून दाखवलं की. म्हणून राहायचं कुठे हा प्रश्न मला नुसत्या भाड्याचा वाटत नाही.

रूम घेताना तिघं एकाच गावची नकोत. एक तरी कन्नड बोलणारा, एक तरी वरच्या वर्षाचा असू द्या. जेवणाची काळजी आईला सोडून कुणालाच नसते. कलबुर्गीच्या खानावळीत ज्वारीची भाकरी आपल्या घरासारखीच मिळते.

मुलींचं गणित जरा वेगळं आहे. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. 'शक्ती' योजनेमुळे कितीतरी मुली कॉलेजला जाऊ लागल्या, ही मोठीच गोष्ट. पण त्याच जोरावर घरात म्हणतात, "बस फुकट आहे, मग हॉस्टेल कशाला?" बसची वाट पाहणं धरलं तर बीदरच्या जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास सहज जातात. शेवटच्या तासाला लक्ष फळ्यापेक्षा घड्याळाकडे जास्त असतं. लॅब लांबली की ती मुलगी अर्ध्यात उठते, आणि घरी आल्यावर तिच्या वाट्याला स्वयंपाकघरही असतंच. भावाला मात्र रूम मिळते! हे घरात बोलून दाखवायला हवं.

एक कागद विसरू नका, ३७१ (जे) चं प्रमाणपत्र. ते सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून मिळतं. त्यावर आपल्या कल्याण कर्नाटक भागात ७० टक्के आणि राज्यात इतरत्र ८ टक्के जागा स्थानिकांसाठी राखीव असतात. सीईटीच्या निकालाची वाट न बघता अर्ज करा.

आणि हॉस्टेल बघायला आईला घेऊन जा, तेही कामाच्या दिवशी संध्याकाळी. पाणी किती वाजता येतं, दार किती वाजता बंद होतं, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, हे तिथल्या मुलींनाच विचारा. वॉर्डनबाईंना नंतर भेटलात तरी चालेल.